हत्तीचं पुढे काय झालं

गेल्या उन्हाळ्यात माझा बा एका पोत्याशी अर्धा तास बोलत बसला होता. बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीनचं पोतं ओसरीत भिंतीला टेकवलेलं होतं. त्यावर याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, धुतलेला दुपट्टा वाळत टाकला होता. बाला वाटलं, व्याही आले. त्यानं रामराम केला, वाटेत त्रास झाला का विचारलं, तंबाखू मळून पुढे केली, आणि व्याही काही हात पुढे करेनात तेव्हा त्याला राग आला. याडी चुलीपाशी बसून सगळं बघत होती. तू त्याला थांबवलं का नाहीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, पोतं चांगलं ऐकून घेत होतं, आपण कशाला मधे बोला.

मी हसले. यवतमाळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथल्या स्टाफरूममध्ये हा किस्सा मी दोनदा रंगवून सांगितला. मग महिनाभरानं बा विहिरीवर गेला आणि जिथे कठडा नाही तिथे कठडा आहे असं समजून टेकायला लागला. मागून येणाऱ्या नायकानं त्याचं धोतर धरलं म्हणून वाचला. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख, बाचा लहानपणापासूनचा जोडीदार. मोतीबिंदू त्यालाही आहे, त्यामुळे आपल्या हाताला नेमकं धोतरच कसं लागलं हे त्याला अजून सांगता येत नाही. त्या दिवसानंतर तो पोत्याचा किस्सा मला सांगवेना. मला भीती वाटायला लागली.

शेजारच्या गावात डोळे तपासायची गाडी आली तेव्हा मी यवतमाळहून पहिल्या एसटीनं निघाले आणि बाला हाताला धरून तिथे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यात उजवा फारच. दिवाळीपर्यंत थांबलात तर मग आमच्या हातात काही राहणार नाही. पंधरा दिवसांनी शस्त्रक्रियेसाठी पुसदला न्यायला बस येणार होती. आमच्या तांड्यातले चार जण त्यांनी यादीत धरले: बा, नायक, आणखी एक म्हातारा आणि एक म्हातारी. चौघांनीही नाव द्यायला नकार दिला. म्हणजे नकार बानं दिला. बाकीचे तिघं बाकडं धरून उभे राहिले आणि कारभारी म्हणतो तसं, म्हणाले. बा तांड्याचा कारभारी आहे. नायक निवाडा देतो, पण तो आधी कारभाऱ्याला विचारून.

"येतो ना," बा डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "हत्तीचं काय झालं थे आधी सांगा. मंग येतो."

घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. इथे त्याचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण बाहेरच्यांशी तो वऱ्हाडीतच बोलतो आणि वाचणारे तुम्ही बाहेरचेच. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं गेलं असं त्यांना वाटलं असणार. मला तसं वाटलं नाही. तो हत्ती मला चांगला माहीत होता. मी त्याच्यावरच वाढले.

मी चार-पाच वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. बा पुसदच्या बाजाराला गेला होता. तिथे किराणावाला एका चित्रांच्या पुस्तकाची पानं एकदा पुढून, एकदा मागून अशी फाडून पुड्या बांधत होता. पुठ्ठा आणि पहिलं पान हळदीला गेलं. शेवटचं पान जिऱ्याला. धण्यासाठी त्याचा हात पुढच्या पानाला लागला, तेवढ्यात बाला त्यात हत्ती दिसला. बानं धणे सुटेच दुपट्ट्याच्या टोकाला बांधून घेतले आणि उरलेलं पुस्तक मागून आणलं. घरात आलेलं ते पहिलं पुस्तक.

पुस्तक तेलुगूतलं होतं. आमच्या जिल्ह्याच्या खालच्या अंगाला नदी ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो, आणि रद्दीला नदी आडवी येत नाही. बाला कुठलंच अक्षर येत नव्हतं, त्यामुळे ते मराठीच आहे असं तो धरून चालला. मी शाळेत जायला लागून दोन वर्षं झाली तरी त्यातलं एक अक्षर मला वाचता येईना. तेव्हा बा ते पुस्तक काखेत मारून मास्तरांशी भांडायला गेला होता. मास्तरांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि हे आपल्या अभ्यासक्रमात नाही एवढंच म्हणाले. बाचं समाधान झालं. अभ्यासक्रमाच्या बाहेरचं पुस्तक आपल्या घरात आहे, हे तो पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगत होता.

वाचता येत नसलं म्हणून गोष्ट अडत नाही. पहिल्या चित्रात हत्ती झोपलाय. तो दिवसभर कापूस वेचून दमलाय, असं बा सांगायचा. दुसऱ्यात तो नदीत आंघोळ करतोय. तिसऱ्यात माकड, ससा आणि अस्वल झाडामागे दडून कुजबुजतायत. चौथ्यात झाडाच्या फांदीला दोऱ्यांनी पांढरे गोळे टांगलेत आणि प्रत्येक गोळ्यात एकेक काळा ठिपका आहे. ते डोळे, बा आवाज खाली आणून सांगायचा. आधीच्या जनावरांचे काढून ठेवलेले. पाचव्यात सगळ्यांनी मिळून हत्तीच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय. सहाव्यात पांढरा डगला घातलेला कोल्हा हातात लांब सुरी घेऊन हत्तीकडे निघालाय, आणि सगळी जनावरं तोंडावर हात ठेवून हसतायत. पांढरा डगला म्हणजे डॉक्टर, यावर दुमत नव्हतं. तांड्यात पांढरा डगला घालून फक्त टोचायलाच माणसं येत. आणि हो, प्रत्येक पानावर कोपऱ्यात एक कोंबडी होती. गोष्टीत तिचं काही काम नव्हतं. पण पान उलटलं की बा आधी विचारायचा, कोंबडी कुठाय, आणि मी बोट ठेवल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही.

सहाव्या पानाशी पुस्तक संपायचं. मी विचारायची, पुढं? बा म्हणायचा, पुढचं जिऱ्याच्या पुडीत गेलं.

आधी मी एकटी ऐकायची, मग शेजारची पोरं यायला लागली, मग पोरांना हाक मारायला आलेले बाप तिथेच टेकायला लागले. हत्तीचे डोळे गेले म्हणणारे आणि वाचले म्हणणारे असे तांड्यात दोन तट पडले. नायक वाचले म्हणणाऱ्यांतला. त्याच्या मते हत्तीनं सोंडेनं सुरी हिसकली असणार. बाचं म्हणणं, पट्टी बांधलेल्याला सुरी दिसते कुठून. आमचे लोक पूर्वी बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. रस्त्यात भेटलेल्याच्या तोंडाकडे बघू नये, हातांकडे बघावं, ही त्यांची शिकवण. ती बरोबर या गोष्टीत येऊन बसली. कुणी गोड बोलायला लागला की आमच्या तांड्यात अजून म्हणतात, कोल्ह्याच्या हातात काय हाय थे पाह्य. गुडघेदुखीचा विजेचा पट्टा विकायला एक जण आला होता. चाळीस माणसांनी त्याच्या तोंडाकडे न पाहता नुसती हातांकडे पाहिलं, तर तो पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे तंटेबखेडे तांड्याच्या बैठकीत मिटतात, तिला नसाब म्हणतात, आणि एका नसाबीत बानं ठराव मांडला की डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायचा खेळ तांड्यात नको. नायकानं मान हलवली. आंधळी कोशिंबीर बंद असलेला माझ्या माहितीतला हा जिल्ह्यातला एकच तांडा. मामाच्या गावी जाऊन मी ती चोरून खेळले, आणि परत येताना एसटीत मला रडू आलं होतं, एवढं पाप वाटलं.

तर, हत्तीचं काय झालं ते सांगा. बा हट्टाला पेटला की पालथ्या घड्यावर पाणी. मी याडीला म्हटलं, ते पुस्तक कुठाय ते दे मला. तिनं पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. तिच्या आरसे लावलेल्या जुन्या घागऱ्याच्या घडीत ते होतं. तीस-पस्तीस वर्षांनी मी ते हातात घेत होते. आठवणीत ते चांगलं परातीएवढं होतं; हातात आलं ते वहीएवढं. मी ओसरीतच बसले आणि चौथं पान उघडलं.

फुगे. ते फुगे होते. स्वस्तातल्या छपाईचा रंग उडून पांढरे पडलेले फुगे, आणि काळा ठिपका म्हणजे चकाकी दाखवायची त्या चित्रकाराची खोड. कोल्ह्याच्या अंगावर डगला नव्हता, आचाऱ्याचं एप्रन होतं. हत्तीचा वाढदिवस होता, त्याला चकित करायचं म्हणून पट्टी बांधली होती, आणि सुरी केक कापायला होती. आमच्या तांड्यात तेव्हा केक कुणी पाहिलाच नव्हता. दोन मिनिटांत सगळं उलगडलं. मग मला स्वतःचाच राग आला. मी एम.एस्सी. झालेली बाई. मुलांना रोज सांगते, डोळ्यांनी पाहा, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. आणि स्वतःच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्यानं पांढरे फुगे आणले तर मी ते परत पाठवले होते. का, ते मला सांगता आलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

मी बाला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, फुगे असते तर मला दिसले नसते का, तेव्हा माझे डोळे चांगले होते. पुढे म्हणाला, बरं, फुगे असू दे, केक असू दे. शेवटचं पान आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग तू सांगते ती एक गोष्ट आणि मी सांगतो ती एक गोष्ट. त्याच्या जागी मी परीक्षक असते तर मीही त्यालाच गुण दिले असते.

बस यायला बारा दिवस उरले होते. पुस्तक पर्समध्ये घालून मी यवतमाळला परतले. पुस्तकाचं नाव माहीत नाही, लिहिणारा माहीत नाही, भाषा आपली नाही. मुख्य रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानदाराला मी म्हटलं की हत्तीचे डोळे बांधून कोल्हा सुरी घेऊन येतो ते लहान मुलांचं पुस्तक आहे का. त्यानं मला वर्षानुवर्षं ओळखत असूनही विचारलं, मॅडम, हे मुलांना द्यायचंय? कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, त्यांचं आजोळ नदीपलीकडचं, त्यांना तेलुगू येतं. त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावर पुस्तक ठेवलं, चष्मा पुसला आणि भर मीटिंगमध्ये इतिवृत्त वाचावं तसं वाचलं: हत्ती झोपला आहे. हत्ती आंघोळ करतो. आज कोणता दिवस आहे, हत्ती विसरला. मित्र विसरले नाहीत. हत्ती, डोळे उघडू नकोस. कोल्हा आला. आणि ते थांबले.

पुढे काय, सरांनीच विचारलं. मी म्हटलं, पुढचं जिऱ्याच्या पुडीत गेलं. त्या दुपारी स्टाफरूममध्ये दुसरं काही झालं नाही. इतिहासाचे सर म्हणाले, केक कुठंच दाखवलेला नाही हे लक्षात घ्या. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आजोळी फोन लावून मामेभावांना कामाला लावलं. त्यांनी चार दिवसांनी कळवलं की हत्तीची पुस्तकं मिळतात, पण आता सगळ्यांत हत्ती शाळेत जातो.

बस यायला आठ दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं की शेवटचं पान आपणच करायचं. आयुष्यात मी कधी कॉपी केली नाही आणि कुणाला करू दिली नाही, त्यामुळे हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. पण बा विहिरीच्या कडेला उभा आहे असं मला रोज दिसत होतं. जाडसर कागद आणला, पुस्तकाच्या मापानं कापला. नवा दिसू नये म्हणून प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणात बुडवला. कागद आधी वांग्यासारखा जांभळा झाला, मग हळूहळू हवा तसा जुनाट तपकिरी झाला. हे जमलं. चित्र जमेना. मला एकच चित्र काढता येतं, ते म्हणजे प्रयोगाची मांडणी. तीन कागद वाया घालवून जो हत्ती निघाला तो गोल बुडाचा चंबू होता आणि सोंड म्हणजे त्यातून वायू बाहेर नेणारी वाकडी नळी. त्याला मी मोठे मोठे उघडे डोळे काढले, दोन्ही. समोर केक, केकात सुरी. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आधी मला सत्यावर दहा मिनिटं ऐकवलं आणि मग खाली वळणदार तेलुगूत लिहून दिलं: सगळ्यांनी मिळून केक खाल्ला. पान पुस्तकाला खळीनं चिकटवलं.

शनिवारी तांड्यावर गेले आणि जाहीर केलं की पान मिळालं. बा म्हणाला, मग नसाबीत दाखव.

नायकाच्या दारातल्या लिंबाखाली बैठक बसली. खऱ्याखोट्याची पारख करायला कोण, तर बा, नायक, तो म्हातारा आणि ती म्हातारी, म्हणजे अख्ख्या तांड्यात ज्यांना दिसत नाही ते नेमके चौघं. दिसणारी माणसं आदबीनं मागे उभी होती. पुस्तक हातोहात फिरलं. म्हाताऱ्यानं ते उन्हाकडे धरलं आणि रंग बरोबर वाटतो म्हणाला. म्हातारीनं पानाचा वास घेतला, बोट ओलं करून पानावर फिरवलं आणि चाटून पाहिलं. जिऱ्याची चव नाही, ही तिची शंका होती. आठवड्यापूर्वी सुचलं असतं तर मी जिरंही चोळलं असतं. नायकानं पान उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, हत्ती जाड झाला, म्हणजे वाचला. इतकी वर्षं हेच तर तो म्हणत होता.

याडी माझ्या मागे उभी होती. तिचे डोळे अजून सुईत दोरा ओवण्याइतके चांगले आहेत. ती पुढे वाकली, चंबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान तर हत्तीचेच आहेत, एवढं म्हणून ती चहा ठेवायला निघून गेली.

पुस्तक बाच्या हातात आलं. त्यानं तळहात पानावर सपाट ठेवला, जणू ताप बघतोय, आणि विचारायला सुरुवात केली. हत्तीचे डोळे? मी म्हटलं, दोन्ही आहेत, उघडे आहेत. सुरी? केकात आहे. कोल्हा? बाजूला उभा आहे, हात रिकामे आहेत. हे मी मुद्दाम घातलं होतं. मागच्या माणसांतून बरं वाटल्याचा आवाज आला. बानं मान हलवली. मग त्यानं पानाचा कोपरा चाचपला.

"आन् कोंबडी कुठी हाय?"

कोंबडी मी विसरले होते. द्रावणाची तीव्रता, कागदाची जाडी, खालची तेलुगू ओळ, सगळं केलं होतं. जिच्यावर बोट ठेवल्याशिवाय माझं बालपण एक पान पुढे सरकलं नाही ती कोंबडी विसरले. चाळीस लोक माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हत्तीच्या मागे आहे," मी म्हटलं. "हत्ती मोठा आहे ना, म्हणून दिसत नाही."

बानं पानावरचा हात काढला नाही. लिंबाच्या चार-दोन निंबोळ्या पडल्या, त्या कुणी झटकल्या नाहीत. तो नाही म्हणणार, दिवाळी येणार, आणि मग डॉक्टरीणबाईंच्या हातात काही राहणार नाही, हे सगळं मी तेवढ्या वेळात पाहून घेतलं. मग बा म्हणाला, चला, पुसदला जाऊ. नायकानं निवाडा दिला की हत्ती वाचला, चौघांनी बसमध्ये बसावं.

पुसदच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी नर्सबाई त्याच्या चेहऱ्यावर हिरवं फडकं टाकायला आल्या, तेव्हा बानं त्यांना विचारलं की बाई, तुमच्या हातात काय आहे. त्या चांगल्या होत्या. त्यांनी फडकं, चिकटपट्टी, थेंबांची बाटली असं एकेक त्याच्या हातात देऊन दाखवलं. बाकीच्या तिघांनीही तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी काढली. बानं मला नीट निरखलं. तुझे केस पांढरे झाले, म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. मी हसायला गेले आणि रडले.

घरी आल्यावर आठवडाभर त्यानं पुस्तकाचं नाव काढलं नाही. काळा चष्मा लावून तो तांडाभर हिंडत होता आणि जे दिसेल त्याला नावं ठेवत होता: भिंतीला पोपडे आलेत, बैल वाळलाय, पोतं उंदरानं कुरतडलंय. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा तो ओसरीत बसला होता आणि पुस्तक मांडीवर होतं. चौथ्या पानावर तो किती वेळ थांबला ते मी मोजलं नाही. फुगेच आहेत, तो शेवटी म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न पाहता, की इतकी वर्षं पोरांना उगाच खेळू दिलं नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं. त्याच आठवड्यात नसाबीनं आंधळी कोशिंबीर मोकळी केली. पण कशी खेळायची हे तांड्यातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. शेवटी काळा चष्मा लावलेल्या नायकानं लिंबाखाली उभं राहून हात पुढे करून चाचपडत चालून दाखवलं. त्याच्याइतका सराव कुणाला होता?

बानं पुढची पानं उलटली. माझा चंबू आला. दिवसाच्या उजेडात तो फारच चंबू दिसत होता. बानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"कोंबडी नाई," तो म्हणाला.

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"मले तवाच समजलं. थे कोंबडी कधी कोनाच्या मागं राहात नाई."

"मग आलास कायले?"

"तू लहानपणापासून एकदाबी खोटं बोलली नाई. मार खाल्ला, पन बोलली नाई. येवढी शिकलेली पोरगी चाळीस मानसाइसमोर येवढं खोटं बोलून राह्यली, तर मी म्हटलं, डोळ्याचं काम खरंच मोठं असन."

मग त्यानं माझ्या पर्सकडे हात केला आणि पेन मागितलं. तपासणीचं लाल पेन होतं, तेच मी दिलं. आयुष्यभर अंगठा देणाऱ्या माणसानं ते खुरप्यासारखं मुठीत धरलं. आधी एक वाटोळं काढलं, मग त्याला तुरा, मग दोन काड्यांचे पाय, एक लांब आणि एक आखूड. जागा त्यानं नेमकी निवडली: हत्तीच्या मागे नाही, केकाच्या पुढे, सगळ्यांच्या मधोमध. डोळा काढताना त्यानं काळा चष्मा वर केला आणि जीभ दातांत धरली.

कोंबडी माझ्या हत्तीपेक्षा बरी जमली होती. त्यानं पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, कोंबडी कुठाय, आणि मी बोट ठेवेपर्यंत पान हातातून सोडलं नाही.